कोंबडा की तलंग, आणि जात कुठली? : नोव्हेंबर ते शिमगा

गेल्या हंगामात आमच्या परसात तीस-पस्तीस पिल्लं होती. त्यातली तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) कुठली, कोंबडा कुठला, आणि विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेली जात कितपत खरी, हे नक्की कळेपर्यंत शिमगा आला. मधल्या काळात मी बरंच वाचलं, पण जे मिळत होतं ते एकतर विलायती जातींबद्दल, नाहीतर हजार पक्ष्यांची शेड चालवणाऱ्यांसाठी. दारात चार रंगांची पिल्लं सोडणाऱ्या माणसाने काय बघायचं आणि कधी बघायचं, ते घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

आमचं गाव सिंधुदुर्गात, मालवण आणि देवगडच्या मधे, खाडीच्या अंगाला. कोंबड्या घरात पूर्वापार. कोंबडी खुडूक बसायची, पिल्लं काढायची, घार आणि मुंगूस यांच्या तावडीतून वाचतील ती आपली. त्यांची जात कुणी विचारत नसे, 'गावठी' म्हटलं की झालं. गेल्या हंगामात मात्र विकत पिल्लं आणावी लागली, कारण आजूबाजूला पर्यटकांच्या खानावळी वाढल्या आणि अंडी पुरेनात. त्यात बचत गटातल्या दोघींना मी मार्चपर्यंत तलंगा द्यायचं कबूल करून बसले होते. कबूल केलेल्या तलंगा मोजून द्याव्या लागतात, त्यात कोंबडा खपत नाही.

आधी सरकारी वाट पाहिली. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत 25 तलंगा आणि 3 नर असा गट 50 टक्के अनुदानावर मिळतो. पक्षी आठ ते दहा आठवड्यांचे असतात, म्हणजे नर-मादीचा घोळ आपल्यापर्यंत येतच नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, सातबारा आणि आठ-अ, ग्रामपंचायतीचा दाखला आणि फोटो एवढं जोडून ऑगस्टमध्ये अर्ज दिला. अर्ज जास्त आणि गट कमी, त्यामुळे नाव प्रतीक्षा यादीत गेलं. ज्यांना घाई नाही त्यांनी हा अर्ज जरूर करावा. सातबारा ताजा काढा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मला मार्च गाठायचा होता, म्हणून मी पिल्लांच्या मागे लागले.

पाऊस सरल्याशिवाय पिल्लं आणायची नाहीत हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. ओल्या तुसात रक्ती हगवण लागते आणि खुराडं रिकामं होतं. दिवाळी झाली, हवा सुकली, आणि नोव्हेंबर 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात तीन ठिकाणची पिल्लं एकत्र आली. काही आमच्याच कोंबडीने काढलेली. काही आठवडा बाजारात टेम्पोवाल्याकडून 'गिरिराज' म्हणून घेतलेली, चाळीस रुपयांना एक. आणि डझनभर एका फार्मवरून 'प्युअर कडकनाथ' म्हणून ऐंशी रुपयांनी आणलेली. सगळी दोन-तीन दिवसांच्या फरकाने जन्मलेली, म्हणून पुढे तुलना करायला सोपं गेलं. वेगवेगळ्या वयाची पिल्लं शेजारी ठेवून तुरे बघत बसलात तर हाती काही लागत नाही.

बाजारातलीच एक गोष्ट सांगून ठेवते. गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं दहा-पंधरा रुपयांना मिळतात आणि पोरं हट्ट धरतात. अंड्यांच्या व्यवसायासाठी पिल्लं काढणाऱ्या हॅचरीत नर-मादी पहिल्याच दिवशी वेगळे करतात. माद्या विकल्या जातात, नर नकोसे असतात. रंगवून गावोगाव फिरणारी ती बहुतेक हीच नर पिल्लं. त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नका.

घरी आणल्या दिवशी प्रत्येकाच्या पायात रंगीत केबल टाय बांधली. लाल टेम्पोची, पिवळी फार्मची, हिरवी घरची, आणि त्यावर मार्करने आकडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केलं नाही तर महिन्याभरात 'ते तपकिरी' म्हणजे नक्की कुठलं हेच सांगता येत नाही. टाय सैल बांधा, करंगळीचं टोक आत जायला हवं, आणि दर दोन आठवड्यांनी बदला. पाय पटापट जाडावतो आणि टाय मांसात रुतते. दर रविवारी सकाळी एकेकाचा फोटो, डोकं बाजूने आणि पाठ वरून, त्याच पडवीत, त्याच उजेडात. शेवटी उपयोगी पडलं ते हे फोटो आणि पोराची जुनी वही.

पहिल्या आठवड्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धर, गोल फिरली तर तलंग. पाय धरून उलटं लटकव, डोकं वर उचललं तर कोंबडा. शेजारच्या काकींचा भर अंड्यावर: टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोलट अंड्यातून कोंबडी. पुढे वाचनात आलं की दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी अॅरिस्टॉटलने बरोबर उलटं लिहून ठेवलंय, लांबट टोकदार अंड्यातून मादी! दोघांपैकी कुणाचंच खरं नाही. पिल्लाचं लिंग कोंबडीकडूनच ठरतं, कारण तिच्याकडे दोन प्रकारची लिंगगुणसूत्रं असतात, झेड आणि डब्ल्यू. कोंबड्याकडे दोन्ही झेड. अंड्याचा आकार कोंबडीच्या गर्भपिशवीतल्या जागेवर आणि तिच्या वयावर जातो. अंदाजे निम्मे कोंबडे निघणारच, हे धरूनच पिल्लं आणावीत.

पिल्लाचं मागचं द्वार दाबून आत बघायची एक पद्धत आहे. जपानी संशोधकांनी ती गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बसवली आणि 1930 नंतर ती जगभर गेली. हॅचरीत प्रशिक्षित माणसं ती सेकंदात करतात. घरी व्हिडिओ बघून कुणी करू नये. पिल्लू चोवीस-अठ्ठेचाळीस तासांचं असताना जे दिसतं तेही अगदी बारीक असतं, आणि जरा जोर पडला की आतडं बाहेर येतं.

पंखांची पद्धत त्यामानाने निरुपद्रवी. पंख उघडून लांब पिसं आणि त्यावरची झाकणपिसं बघायची. लांब पिसं ठळक पुढे गेली असतील तर मादी, दोन्ही सारखी तर नर. पण हे चालतं ते मुद्दाम तसा संकर केलेल्या जातींतच, बाप लवकर पिसं येणारा आणि आई उशिरा येणारी असेल तरच. गावठीत आणि बाजारच्या पिल्लांत याचा अर्थ लागत नाही. मी वहीत नोंद केली. मार्चमध्ये निकालाशी ताडून बघितली तर जवळजवळ छापा-काट्याइतकीच बरोबर.

लसीकरण याच काळात चालू होतं. सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस), पिल्लं दोन आठवड्यांची झाल्यावर गंबोरो रोगाची लस, महिन्याच्या आत लासोटाचा दुसरा डोस, पुढे देवीची आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी (मानमोडीचीच, पण टोचायची लस). मानमोडीने एका रात्रीत खुराडं साफ होतं, तेव्हा हे टाळू नका. कुपी शंभर डोसांची असते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवला. थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची जबाबदारी माझ्या नवऱ्याची. प्रत्येक घराला चाळीस-पन्नास रुपये पडले.

तीन आठवड्यांनी लव झडून खरी पिसं दिसायला लागली आणि जातीचा प्रश्न सुरू झाला. लवेच्या रंगावर जाऊ नका एवढं मी आता ठामपणे सांगते. पिवळं पिल्लू पांढरं होतं, तांबूस होतं, ठिपक्यांचंही होतं. बघायच्या गोष्टी चारच: पायाच्या नळीचा रंग, तुऱ्याची ठेवण, कातडीचा रंग आणि तोंडाची आतली बाजू.

'गिरिराज' हे नाव आमच्या बाजारात फार सैल वापरतात. मूळ गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झाली. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. तिघीही परसासाठीच काढलेल्या. पण टेम्पोवाला जे काही रंगीबेरंगी आणि झपाट्याने वाढणारं असेल त्याला गिरिराजच म्हणतो. माझी टेम्पोची पिल्लं पिवळ्या नळ्यांची, एकेरी करवती तुऱ्याची, महिन्यात गावठीच्या दीडपट झालेली. ती सुधारित संकर होती एवढं नक्की. गिरिराज की वनराज, हे अंगावरून सांगणं डॉक्टरांनाही जमणार नाही. परसात वाढवायला तेवढं कळलं तरी चालतं. फक्त त्यांच्या अंड्यांवर पुढची पिल्लं काढाल तर आईबापाचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

त्या टेम्पोच्या पिल्लांत एक काळं होतं, पोटाला फिकट पिवळी लव. काकी म्हणाल्या कडकनाथ चुकून आलं. मी चोच हलकेच उघडून बघितली. जीभ गुलाबी, तळवे पांढुरके. म्हणजे ते ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पच्या वळणाचं. त्याची पिसं मोठेपणी हिरव्या झाकेची काळीभोर होतात, पण तुरा लाल आणि कातडी पांढरी. काळ्या पिसांचं पिल्लू दाखवून कडकनाथचा भाव लावणारे बाजारात आहेत, तेव्हा पैसे द्यायच्या आधी तोंड उघडून बघा. कडकनाथचा टाळू, जीभ, नळी, कातडी सगळ्यात काळपट झाक असते. त्याचं अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. 'काळी अंडी' म्हणून कुणी दाखवत असेल तर तिथून निघा.

घरच्या पिल्लांत एक उघड्या मानेचं निघालं. ते तर अंड्यातून बाहेर पडतानाच ओळखू येतं. मानेपुढे पिसांचा लहानसा झुबका असला तर तो गुण एकाच बाजूने आला, मान जवळजवळ पूर्ण उघडी असली तर आई-बाप दोघांकडून. आमच्या दमट उकाड्यात हे पक्षी कमी धापा टाकतात. लोक दिसायला नाकं मुरडतात, मला ते आवडतात.

आता फार्मच्या पिवळ्या टायवाल्यांकडे येते, कारण खरा गुंता तिथे होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांचे सरळ दोन गट पडले. अंगाने सगळी काळी. पण निम्म्यांच्या नळ्या, चोच, टाळू पाटीसारखे काळे, आणि उरलेल्यांच्या नळ्या राखाडी-पिवळट, तोंड आतून जवळजवळ गुलाबी. फार्मवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, रंग नंतर चढतो, धीर धरा." पावती मागितली तर व्हॉट्सअॅपवर नमस्काराचा हात आला. वाडीतल्या जाणत्यांचा निकाल सोपा होता: काळी ती अस्सल, फिकट ती बनावट, अर्धा माल फसवून घातला.

याच सुमारास काकी एका संध्याकाळी येऊन पडवीत बसल्या. "माका काळो कोंबो व्हयो गो, राखणेक. एकव धवा पीस नको." आमच्याकडे वर्षाची राखण देतात, म्हणजे राखणदार देवाला कोंबडा, आणि कोंबडा कसा हवा हे ज्याच्या त्याच्या घराण्यात ठरलेलं. मी काळी पिल्लं दाखवली, पण त्यातला कोंबडा कुठला? काकी म्हणाल्या, "तुरो लाल झालो की कोंबो समजाचो." टेम्पोच्या आणि घरच्या पिल्लांना हे तंतोतंत लागू पडत होतं. सहाव्या आठवड्यात, नाताळच्या आसपास, काहींचे तुरे उठून गुलाबी-लाल झाले, चोचीखालच्या पाळ्या दिसायला लागल्या. बाकीच्यांचे अजून पिवळट, दाताएवढे. लाल तुरेवाल्यांची खांद्यावरची पिसंही उशिरा आली, पाठीवर उघडे डाग, शेपूट बोटभर. कडकनाथच्या वंशात मात्र तुरा काळपट-जांभळा, त्याला लाली कुठून येणार? तिथे रंग बघायचाच नाही, फक्त आकार बघायचा, आणि तोही एकमेकांशेजारी धरून.

घरच्या एकाचा तुरा तर असील या झुंजीच्या जातीसारखा, डोक्याला चिकटलेला, तीन ओळींचा. अशा तुऱ्यात मधली ओळ एकटीच उठून दिसली आणि बाकी सपाट राहिलं तर बहुधा तलंग. तिन्ही ओळी रुंद आणि लालसर झाल्या तर बहुधा कोंबडा. माझं ते पिल्लू दोन्हींच्या मधे अडकलं होतं. पाय जाड, नजर भांडखोर, ओळी दीड. वहीत त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

नवीन वर्षात पशुवैद्यकीय डॉक्टरांना भेटायचं ठरवलं. डोक्यात असं, की त्यांच्याकडून 'कडकनाथ' असा दाखला घ्यावा, म्हणजे खानावळवाल्यांना दाखवता येईल. तेवढ्यात जानेवारीच्या मध्यात रायगडमध्ये उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी बाधित जागेपासून 1 किलोमीटरचा भाग बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र धरतात. आमच्यापासून ते कितीतरी लांब, पण बाजारातला टेम्पो बंद झाला, गिऱ्हाइकं अंडी घेतानाही चार प्रश्न विचारायला लागली, आणि दवाखान्याची माणसं गावोगाव पाहणीला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "पक्षी घेऊन येऊ नका, फोटो आणा. आणि ताई, बाहेरचे पक्षी सध्या आत घेऊ नका." भेट महिनाअखेरीला मिळाली. अशा काळात खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवा आणि मेलेला पक्षी आढळला तर खाडीत न फेकता दवाखान्यात कळवा.

त्या भेटीत केसपेपर झाला आणि मी वही उघडली. दाखल्याचं उत्तर लगेच मिळालं: जातीचा दाखला असा कुणी पिल्लू बघून देत नाही. डॉक्टर आरोग्याचा दाखला देतात. जातीला पुरावा म्हणजे पिल्लं जिथून घेतली तिथली पावती, आणि तीही मान्यताप्राप्त केंद्राची. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या भागापुरतं. कोकणात वाढवलेल्या पक्ष्याला झाबुआचं नाव लावून विकता येत नाही. हे मला माहीत नव्हतं, खानावळवाल्यांना तर नव्हतंच.

मग डॉक्टरांनी फोटो चाळले आणि विचारलं, "फिकट पायांच्यांचे तुरे मोठे दिसतायत, बघितलंत का? आई कुठली होती यांची?" बापाबद्दल सगळे बोलतात, आई कुणी विचारलीच नव्हती. तिथूनच फार्मवाल्याला फोन लावला. जरा आढेवेढे घेऊन तो म्हणाला, कोंबडे कडकनाथचेच आहेत, पण कोंबड्या कमी पडल्या म्हणून लाल अंड्यावाल्या सोडल्यात. लाल, म्हणजे र्‍होड आयलंड रेडसारख्या, पिवळ्या पायांच्या.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला आकृती काढली. कातडीत काळेपणा आणणारा गुण बापाने सगळ्यांनाच दिला. पण पिवळ्या पायांच्या कोंबडीकडे तो काळेपणा दाबणारा एक गुण असतो आणि तो झेड गुणसूत्रावर बसलेला. आई आपलं झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळतं आणि झेड बापाचं. म्हणून मुलग्यांत काळेपणा दबला, मुलींत तो उघड राहिला. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1911 मध्ये काळ्या कातडीची सिल्की आणि पिवळ्या पायांची ब्राउन लेगहॉर्न या जातींच्या संकरात हेच नोंदवलं होतं. थोडक्यात, गावाने 'अस्सल' ठरवलेल्या त्या तलंगा, आणि 'बनावट' ठरवलेले ते त्यांचे सख्खे भाऊ. आणि अस्सल दोघंही नाहीत.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी वहीतले आकडे परत जुळवले. पिवळी टाय, फिकट नळी, तुरा मोठा. पिवळी टाय, काळी नळी, तुरा लहान. एक सोडून सगळी ओळीत बसत होती. डॉक्टर म्हणाले, त्या एकासाठी पाठीची पिसं येईपर्यंत थांबा. आणि हे सूत्र सगळीकडे लावू नका. आई काळ्या-हिरवट पायांची गावठी असेल किंवा बाप लाल आणि आई कडकनाथ असेल तर ते चालत नाही.

पाठीची पिसं ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण, आणि ती बाराव्या आठवड्यापासून वाचता येते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी एकेक पक्षी मांडीवर घेतला. पक्ष्याचं तोंड आपल्याकडे, शेपूट उजेडाकडे. शेपटीच्या मुळाशी, पाठ संपते तिथलं एक पीस बोटाने उचलायचं, उपटायचं नाही. कोंबड्याचं ते पीस निमुळतं, टोकाला अणकुचीदार, कडेची केसरं सुटी, उन्हात तेल लावल्यासारखी चकाकी. तलंगेचं टोक गोल, कडा बांधीव, रंग मंद. मानेच्या पिसांवरून ठरवू नका, ती तलंगेचीही टोकदार दिसतात. पायाच्या काट्यावरूनही नको, तलंगांनाही बारीक गाठ येते. आरवण्याची वाट बघितली तर चालते, पण एक कोंबडा आरवायला लागला की दुबळे कोंबडे कितीतरी दिवस गप्प राहतात, आणि आपण त्यांना तलंगा समजतो.

टेम्पोची आणि घरची मंडळी तुऱ्यावरून सांगितली होती तशीच निघाली. फार्मच्या फिकट पायवाल्यांची पिसं अणकुचीदार, मानेवर सोनेरी छटाही उतरलेली. काळ्या पायांच्यांची गोल. तो राहिलेला एक, नळी काळी, जीभ काळी, आणि पाठीचं पीस चाकूसारखं टोकदार. कोंबडा. त्याची आई लाल नसणार, कुठलीतरी काळ्या पायांची गावठी त्या कोंबड्यांत असावी. अंगावर पांढरं पीस औषधालाही नाही. काकींना बोलावलं. त्यांनी पंख उघडून, काखेत बघून, शेपटीखाली बघून खात्री केली आणि म्हणाल्या, "ह्यो माझो." पैसे त्यांनी सातशे दिले, मी पाचशेच सांगितले होते. राखणीच्या कोंबड्याचा भाव पाडून घेत नाहीत म्हणे.

बाकीचे कोंबडे मी फेब्रुवारीतच वेगळ्या जाळीत टाकले. एकत्र ठेवले तर तलंगांच्या पाठी सोलून काढतात, आणि खाद्य तर बकाबका खातात. पन्नास किलोची गोण मला सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होती, पुढे कणी, कोंडा आणि वाळवी यावर भागवलं. मार्गशीर्षात कोंबड्यांना गिऱ्हाईक नसतं, जानेवारीत बर्ड फ्लूची धास्ती, पण शिमगा 13 मार्चला आला आणि आठवडाभर आधीपासून फोन सुरू झाले. टेम्पोचे कोंबडे चारशे-साडेचारशेला गेले, गावठी सहाशेच्या वर. फार्मवाले फिकट पायांचे मी 'काळे क्रॉस' म्हणूनच विकले, बाप कडकनाथ आणि आई लाल हे सांगून. एका खानावळवाल्याने मेनूवर कडकनाथ लिहायचा बेत बोलून दाखवला, त्याला दिले नाहीत. त्यामुळे भाव पडला, एका कोंबड्यामागे दोनेकशे तरी.

बचत गटातल्या दोघींना तलंगा ठरल्याप्रमाणे गेल्या, काही तपकिरी आणि काही काळ्या. सोबत प्रत्येकीला चिठ्ठी दिली: टायचा आकडा, जन्मतारीख, आईबाप जेवढे माहीत तेवढे, आणि कुठल्या लसी कधी झाल्या. आर-टू-बीची तारीख तिला कळली नाही तर पावसाआधी ती परत टोचायची की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून ती चिठ्ठी.

असीलच्या तुऱ्याचं ते प्रश्नचिन्ह मार्चअखेरपर्यंत प्रश्नचिन्हच होतं. पाठीची पिसं गोल, पण ती मुंगसाच्या अंगावर धावून जायची आणि मोठ्या कोंबड्याला दाण्यावरून हुसकायची. शिमग्यानंतर एकदा मी पाठीवर हात ठेवला तर ती पंख किंचित फाकवून खाली बसली. अंड्यावर आलेली तलंग अशी बसते. चार दिवसांनी लाकडांच्या गंजीमागे तिचं अंडं मिळालं, लहान आणि चांगलंच टोकदार. काकींना दाखवलं तर म्हणाल्या, ह्यातून कोंबडा निघणार. अजून ती तिथेच घालते, आणि अंडी शोधायला रोज गंजी हलवावी लागते.